पत्र्यावरची एक ओळ

फोर्डच्या ८.८ इंची मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या झाकणाला दहा बोल्ट असतात. त्यातल्या एका बोल्टाखाली करंगळीएवढी पत्र्याची पट्टी अडकवलेली असते. वीस वर्षांचं ग्रीस आणि माती अंगठ्याने पुसली की तिच्यावर ठोकलेली अक्षरं वर येतात : ३एल५५.

भंगारात पडलेल्या गाड्यांत मी वाचलेली ही सर्वांत नेटकी ओळ. ३.५५ म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा दांडा साडेतीनहून थोडे जास्त फेरे घेतो, तेव्हा चाक एकदा फिरतं. पण दशांशचिन्ह जिथे हवं तिथे ‘एल’ येऊन बसलाय. साध्या ॲक्सलच्या पट्टीवर ती जागा मोकळी असते. हा ‘एल’ सांगतो की आत क्लचच्या चकत्या आहेत. एक चाक चिखलात किंवा बर्फात नुसतंच गरगरायला लागलं, तर ताकद दुसऱ्या चाकाकडेही जाते. या चकत्यांसाठी कुणीतरी जास्तीचे पैसे मोजले आणि त्याची नोंद एका अक्षरात, गाडीच्या पोटाखाली, मालकाला जन्मात दिसणार नाही अशा जागी करून ठेवली. कवितेत एखादा शब्द अनपेक्षित जागी येतो आणि सगळी ओळ उजळते, तसं इथे एका दशांशचिन्हाच्या जागी घडलं आहे.

ज्या गाडीखाली झोपून मी ही पट्टी पुसली, ती होती १९८७ची फोर्ड थंडरबर्ड टर्बो कूप. साल २००६, ऑक्टोबरचा शेवट. जागा कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या दक्षिणेचा एक भंगारवाडा. बरोबर माझा भाचा होता, पुण्याहून एम.एस. करायला नुकताच आलेला. घरी माझी १९८९ची मस्टँग उभी होती : पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, २२५ हॉर्सपॉवर आणि मागच्या चाकांना साधे ड्रम ब्रेक. पळायला वाघ, थांबायला म्हैस. तिला थांबायला शिकवणारं काहीतरी शोधायला आम्ही आलो होतो.

इथले वाडे ‘स्वतः काढा, स्वतः न्या’ अशा पद्धतीचे. फाटकावर तेव्हा एक-दोन डॉलर द्यायचे, पेटी उघडून दाखवायची, कारण गॅसकटर आत न्यायला बंदी. मग मैदानभर ओळीत मांडलेल्या गाड्या. एका ओळीत फोर्ड, दुसरीत जनरल मोटर्स, पलीकडे जपानी. प्रत्येक गाडी वेल्डिंग केलेल्या जुन्या रिमांवर उचलून ठेवलेली. पेट्रोल, ऑइल, कूलंट आधीच काढून घेतलेलं, बॅटरी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गेलेला. बाकी सगळं जसंच्या तसं. कुणाच्या डॅशबोर्डवर चष्मा, कुणाच्या मागच्या सीटवर पोराचा एक बूट. थोड्या आठवड्यांचा मुक्काम, मग ती ओळ उचलून दाबायला जाते आणि तिथे नव्या मेलेल्या गाड्या येतात.

खरी गंमत दरपत्रकात. ते फाटकाशी भिंतीवर रंगवलेलं असतं : आल्टरनेटर अमुक, दार तमुक, मागचा ॲक्सल इतक्याला. कुठल्या गाडीचा, हे कुणी विचारत नाही. आजोबांच्या मरतुकड्या सेडानचा ॲक्सल आणि शर्यतीच्या तयारीने बनवलेला ॲक्सल, दोघांचा भाव एकच. भाच्याला हे पटेना. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरलेला पोरगा तो. तिथे पथारीवरच्या माणसाला प्रत्येक नटाची किंमत पाठ असते. कुर्ल्यात गाडी कापणारा तर तुमच्या डोळ्यातली चमक बघून भाव वाढवतो. तिथे ज्ञान विकणाऱ्याकडे असतं, म्हणून घासाघीस होते. इथे विकणाऱ्याला काही पडलेलं नाही. ज्ञान गिऱ्हाइकाने घरून आणायचं.

“म्हणजे मामा, आपण यांना फसवतोय?”

“नाही रे. ग्रंथालयाची वर्गणी सगळ्यांना सारखीच असते. कोण काय वाचतो, ते ज्याचं त्याने बघायचं.”

वाचायचं कसं, याला इथे मोठी परंपरा आहे. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ इंजिन बसवलं. ताकद आली, पण ब्रेक दांड्यांनी ओढायचे, जुन्या तऱ्हेचे. हायड्रॉलिक ब्रेक फोर्डने १९३९मध्ये आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली पोरं वाड्यांत जाऊन एकोणचाळीस-चाळीसच्या अपघातग्रस्त गाड्यांचे ब्रेक उतरवायची आणि बत्तीसच्या गाडीला चढवायची. गिअरबॉक्समध्ये घालायला लिंकन-झेफरचे दाते शोधायची. हॉट रॉड नावाचा जो सगळा पंथ उभा राहिला, त्याचा उगम अशा उतरवाउतरवीत आहे. पुढे जॅग्वारच्या उंची सेडान गाड्या भंगारात यायला लागल्या, तेव्हा त्यांचा स्वतंत्र सस्पेन्शनचा मागचा भाग याच पंथाच्या लोकांनी उचलला. अलीकडे १९९९नंतरच्या शेवरले पिकअप ट्रकांचं ५.३ लिटरचं इंजिन हेरतात, कारण ते १९९७च्या कॉर्व्हेटच्या इंजिनाचं सख्खं भावंड आहे. भावंडाच्या अंगावर ॲल्युमिनियम, याच्या अंगावर बीड, हा डोळ्यांत भरणारा फरक. पळणाऱ्या गाडीचा उद्धार बहुधा तिच्या गरीब नाहीतर थोराड नातेवाइकाकडून होतो.

या नातेवाईकपणाचं शास्त्रच आहे. होलँडर नावाची जाडजूड सूची १९३४पासून निघते. कुठल्या गाडीचा कुठला भाग कुठल्या गाडीला बसतो, हे तिच्यात सापडतं. आपल्याकडे सोयरीक जुळवणाऱ्याच्या वहीत गोत्रं असायची, तसं. आमच्या कामाचं गोत्र ‘फॉक्स’. १९७८ सालच्या फोर्ड फेअरमाँटपासून सुरू झालेला हा सांगाडा. मस्टँग, कॅप्री, थंडरबर्ड, कूगर, लिंकन मार्क-७ ही सगळी त्याच्यावर वाढलेली भावकी. वरून बघाल तर एक ऑफिसात जाणारी, एक पोरांना नादी लावणारी, एक शेठजींची. खालून बघाल तर सगळ्यांत रोटी-बेटी व्यवहार. म्हणून मस्टँगचं दुखणं घेऊन मी थंडरबर्डच्या दारात आलो होतो.

आता गाडीच वाचू. पण त्याआधी तिचे कर्ते. माझ्या मते प्रत्येक गाडीवर दोन हात फिरलेले असतात : एक इंजिनिअरचा, एक मुनीमाचा. शोरूममध्ये दोघांची अक्षरं वेगळी ओळखता येत नाहीत, कारण रंग आणि पॉलिश सगळं सारवून घेतं. वाड्यात रंग उडालेला असतो, प्लास्टिक तडकलेलं असतं, आणि कुठल्या नटापाशी इंजिनिअरने हट्ट धरला आणि कुठल्या नटापाशी मुनीम जिंकला, हे दिसायला लागतं. जिथे गिऱ्हाइकाची नजर जाणार नाही तिथेही ज्याने खर्च केला, त्या जागा शोधायच्या. हेच माझं भंगाराचं रसग्रहण. चकाकणाऱ्या वस्तू आधीच गेलेल्या असतात. या गाडीची १६ इंची अलॉय चाकं पहिल्याच दिवशी कुणीतरी नेली होती. ती न्यायला डोळे पुरतात, वाचता यावं लागत नाही.

बॉनेटवर हवा घ्यायला दोन नाकपुड्या. पुष्कळ गाड्यांच्या नाकपुड्या दिखाऊ असतात, टोपीतल्या पिसासारख्या. इथे बॉनेट उचललं की नाकपुड्यांच्या बरोबर खाली इंटरकूलर : टर्बोने दाबून तापवलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारी जाळी. बाहेर जे बोललं, ते आत पाळलं. इंटरकूलरच्या तोंडाशी बोट फिरवलं तर तेलाचा पातळ थर. पिकलेल्या टर्बोच्या मागे एवढं चालायचंच.

मग टर्बो. नळी काढून आतल्या पंख्याच्या टोकाला दोन बोटांनी धरायचं. आडवं हलवलं तर केसभर हलला तरी चालेल. तेलाच्या थरावर तरंगणारा दांडा तो. पुढे-मागे मात्र हलता कामा नये. हा हलला नाही. गिरकी दिली तर अजून गोल फिरत राहिला, पाती कुठे घासली नाहीत. हा आयएचआयचा छोटा टर्बो. आधीच्या सालांत गॅरेटचा मोठा असे. छोटा लवकर जागा होतो, पण दम लवकर संपतो. शहरात चालवणाऱ्या माणसाचा विचार करून केलेली ही निवड, आणि ती मला आवडते. पण माझ्या कामाची नव्हती. नळी परत लावून टाकली.

इंजिन २.३ लिटरचं, चार सिलिंडरचं. याची कुळकथा गमतीची. ओहायोतल्या लायमा गावी १९७४ सालासाठी हे पहिल्यांदा बनवलं गेलं, पिंटो नावाच्या गरीब छोट्या गाडीसाठी. तेच बीड, तोच बांधा. पण टर्बोच्या वाट्याला जे इंजिन आलं त्याचे पिस्टन ओतीव नव्हते, घडीव होते. ओतीव पिस्टन स्वस्त पडतो, रोजच्या दाबाला पुरतो. घडीव पिस्टन दाबून घडवलेला, जास्त मार सोसणारा. पिस्टन कुणाला दिसतो? इंजिन फोडल्याशिवाय कुणालाच नाही. हा इंजिनिअरचा हट्ट. हाताने गिअर टाकायच्या टर्बो कूपमध्ये या इंजिनातून १९० हॉर्सपॉवर काढले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेणाऱ्याला तेच इंजिन, पण हवेचा दाब उतरवून १५०. मोटर ट्रेंड मासिकाने याच गाडीला १९८७ची सर्वोत्तम गाडी ठरवलं होतं.

भाच्याचे डोळे लकाकले. “मग इंजिनच नेऊया की!”

मी ऑइल भरायचं झाकण फिरवून उघडलं आणि त्याला आतली बाजू दाखवली. पिवळसर, दुधाळ सायीसारखा थर. “ऑइलमध्ये पाणी मिसळलं की असं होतं. हेड गॅस्केट गेलेलं असणार. एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डलाही तडा आहे बघ, या इंजिनाचं जुनंच दुखणं. सोड.” मी असं म्हणालो, हे लक्षात ठेवा.

तिथून आत. पुढच्या सीट अजून सुंदर होत्या, कमरेला हवा भरून आधार देणाऱ्या. पण कॅलिफोर्नियाच्या उन्हाने त्यांचं कापड विरलं होतं, आणि डॅशबोर्ड दुष्काळातल्या शेतासारखा भेगाळलेला. इथे ऊन प्लास्टिक खातं, लोखंड ठेवतं. मिशिगनकडे उलटं : तिथे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, म्हणून तिकडच्या वाड्यात डॅशबोर्ड नवा कोरा आणि खालचा सांगाडा पापडासारखा. सीट हवी तर उत्तरेला जा, ॲक्सल हवा तर इकडे या.

प्रवाशाच्या पायापाशी, उजव्या बाजूच्या प्लास्टिकच्या झाकणामागे, इंजिनाचा संगणक. चार स्क्रू काढले की तो हातात येतो. साठ पिनांचा जोड, आणि वरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत : एलए३. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या हाती-गिअरच्या टर्बो कूपचा हा संकेत. हा मात्र मी घेतला, पण एकट्याला नाही. हवा मोजणारा मोठा झडपेचा मीटर आणि तपकिरी टोपीची चार इंजेक्टर, हे तिघे एकमेकांचं गणित धरून बांधलेले. मीटर जेवढी हवा सांगतो तेवढ्या हिशेबाने संगणक इंजेक्टर उघडतो. एकाला नेऊन दुसऱ्याला ठेवलं तर नवं घर नांदत नाही. कित्येक लोक नुसता संगणक नेतात आणि मग गाडी अडखळते म्हणून कपाळाला हात लावतात. माझ्या एका मित्राकडे मर्कुर होती : जर्मनीत बनलेली, पण छातीत हेच २.३ लिटरचं टर्बो इंजिन. तिच्यासाठी त्रिकूट काढलं. वायर कापायची नाही, जोड सोडवायचा, हा दंडक मी भाच्याला तिथेच शिकवला. जोडाला एक चिमटी असते, ती दाबायची. तो ओढायला लागला तेव्हा हातावर चापट मारली.

आणि मग शेवटी गाडीच्या पोटाखाली, ज्यासाठी आलो होतो तिथे. पट्टी वाचून झाली होती, पण पट्टीवर विश्वास ठेवायचा नसतो. मधल्या काळात कुणी आतले दाते बदललेले असू शकतात. गाडी रिमांवर उचललेली, त्यामुळे मागची दोन्ही टोकं मोकळी. एका बाजूची डिस्क हाताने पुढे फिरवली. दुसऱ्या बाजूला बसलेला भाचा ओरडला, “इकडचीपण पुढेच फिरतेय!” साध्या ॲक्सलमध्ये ती उलट फिरली असती. ‘एल’ खरा होता. मग खडूने दांड्यावर खूण केली. चाकाच्या एका फेऱ्यात दांडा किती फिरतो ते त्याने मोजलं : साडेतीन आणि थोडं. ओळीतलं प्रत्येक अक्षर तपासून झालं.

ॲक्सलच्या दोन्ही टोकांना डिस्क ब्रेक. इथे मला इंजिनिअर आणि मुनीम दोघेही एकदम दिसतात, पण एका गाडीत नाही, दोन गाड्यांत मिळून. १९८६पासून व्ही-८ मस्टँगला हाच ८.८ इंची ॲक्सल होता. तिचे मागचे ब्रेक मात्र ड्रम, आणि १९९३च्या कोब्राचा अपवाद सोडला तर १९९४पर्यंत ड्रमच. कमी ताकदीच्या थंडरबर्डला डिस्क, जास्त पळणाऱ्या मस्टँगला ड्रम! माझं वाचन असं : मस्टँग घेणारा पोरगा हॉर्सपॉवर विचारतो, ब्रेक विचारत नाही, थंडरबर्डचा गिऱ्हाईक मनात युरोपातल्या गाड्यांशी तुलना करत असतो. त्यामुळे एकाच सांगाड्यावर एका घरी इंजिनिअर जिंकला, दुसऱ्या घरी मुनीम. वीस वर्षांनी आम्ही पाने घेऊन तो हिशेब मिटवायला आलो होतो.

गुण सांगितले तर दोषही सांगायला हवेत. याच गाडीचे अँटी-लॉक ब्रेक म्हणजे पंप, टाकी, झडपा असं एकाच डब्यात कोंबलेलं गुंतागुंतीचं प्रकरण. त्या काळात कौतुकाचं, आज डोकेदुखीचं. ते मी नेलं नाही. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा बसवलीय, आणि तिची तरफ गंजून जाम होते. आमची एक जाम होतीच. चाकाला चारच बोल्ट आहेत, लिंकन मार्क-७ला पाच. पण माझ्या मस्टँगलाही चारच, त्यामुळे मुनीमाची ही काटकसर या एका बाबतीत माझ्या पथ्यावर पडली.

ॲक्सल उतरवायला चार तास लागले. शॉकअपचे बोल्ट गंजलेले, त्यांवर तेल मारून वाट बघायची. लांब टॉमीला पाइप घालून दोघांनी लोंबकळायचं. एक बोल्ट सुटताना बंदुकीसारखा आवाज झाला आणि शेजारच्या ओळीतल्या मेक्सिकन म्हाताऱ्याने बघून अंगठा दाखवला. शेवटी शंभरेक किलोचं ते धूड हातगाड्यावर चढवून फाटकाकडे ढकललं. काउंटरवरच्या बाईने मान वर न करता यादीतला आकडा सांगितला : मागचा ॲक्सल, एक. पट्टीकडे तिने पाहिलंही नाही.

निघताना मी काढलेले पण न लागणारे भाग, ब्रॅकेट, नट, चांगल्या अवस्थेतली हँडब्रेकची केबल, सगळं पुसून ड्रायव्हरच्या सीटवर मांडून ठेवलं. वाड्यातला अलिखित नियम आहे हा. पुढच्याला वाकायला लागू नये.

“पुढचा कोण?” भाच्याने विचारलं.

“असतो कुणीतरी.”

पुढच्या शनिवारी परत जावं लागलं. सस्पेन्शनच्या दांडीचा एक बोल्ट विसरला होता. तो मिळाला. सीटवरची केबल आणि ब्रॅकेट गेले होते. आणि बॉनेट उघडं होतं, इंजिनाची जागा रिकामी.

मी आत वाकून पाहिलं. एकही वायर कापलेली नव्हती. प्रत्येक जोड चिमटी दाबून सोडवलेला, तारा बाजूला घेऊन दोरीने बांधलेल्या. रेडिएटरच्या पट्टीवर चार जुने स्पार्क प्लग, एक ते चार अशा क्रमाने, एका रेषेत ठेवलेले. मी एकेक उचलून टोक पाहिलं. चारही कोरडे, चारही एकसारख्या बिस्किटी रंगाचे. पाणी सिलिंडरमध्ये शिरत असतं तर त्यातला निदान एक तरी वाफेने धुऊन पांढरा निघाला असता.

झाकणाखालची ती साय हेड गॅस्केटची नव्हतीच. थंडीत गाडी रोज दोन-चार मैलच चालली, इंजिन नीट तापलंच नाही, की वाफ झाकणाखाली साचून ऑइलमध्ये मिसळते आणि तशीच साय धरते. मला हे माहीत होतं. गेल्या आठवड्यात झाकण हातात धरून भाच्याला शिकवताना ते आठवलं नाही, आणि आठ मिनिटांत चार प्लग काढून बघायचा कंटाळा केला. घडीव पिस्टनचं ते इंजिन दरपत्रकाच्या भावात कुणीतरी नेलं होतं.

भाच्याने प्लग माझ्या हातातून घेतले, उजेडात धरले आणि पुन्हा त्याच क्रमाने पट्टीवर ठेवून दिले.